दोन गुंजा लाही

पुणे,
६ जानेवारी २०२५

हरिकाका,

तीर्थरूप, शिरसाष्टांग वगैरे लिहायला घेतलं आणि हात थांबला. आपण दोघं उभ्या आयुष्यात चारदा भेटलो, त्यातल्या दोनदा कोणीतरी गेलेलं होतं. तेव्हा साधा नमस्कार करते, तो घ्या.

मी तन्वी, तुमच्या धाकट्या भावाची, परशुरामची मुलगी. पत्र तुमच्या सोनारकामाच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय, कारण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि घरचा मोबाइल नर्मदाकाकूकडे असतो. या दोन्ही गोष्टी मला बाबांच्या दहाव्याला कळल्या होत्या. काकूने हे वाचू नये, निदान आत्ता तरी.

मला सातवा महिना संपत आलाय. देवेश, माझा नवरा, जहाजावर इंजिनीयर आहे, त्याला एप्रिलशिवाय सुट्टी नाही. त्याची आई तो लहान असतानाच गेली. माझी आई माझ्याकडे आहे, पण तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत, बाळाला घेऊन तिला जमिनीवरून उठता येत नाही. बाळंतपणाला घरचं माणूस हवं आणि मला नर्मदाकाकू हवी. मी आईला तसं म्हटलं. ती म्हणाली, "ती बाई माझ्या नातवंडाला हात लावणार नाही," आणि आत निघून गेली.

कारण तुम्हाला माहीत आहे. माझा भाऊ सुशांत, माझ्या तीन वर्षं आधी झालेला, पन्नास दिवसांचा होऊन गेला. मी लहानपणापासून एवढंच ऐकलं, की त्याचं तोंड आलं होतं, नर्मदाकाकूने टाकणखाराची लाही मधातून चाटवली, त्याला आकडी आली आणि तो गेला. त्याच महिन्यात आईबाबांनी जामसंड्याचं घर सोडलं.

आता गंमत बघा. मी काचसामानाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. ज्या काचेची भांडी आचेवर तडकत नाहीत, तिच्यात हाच टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, लागतो. आमच्याकडे तो पोत्यांनी येतो. तुम्ही जन्मभर गोळीगोळीने तापवला असेल, त्याहून जास्त मी एका वर्षात तापवलाय. म्हणून विचारते: तेव्हा नेमकं काय केलं होतं? लाही कशी केली, किती दिली, किती दिवस? आईने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, ती आकड्यांपुढे हट्ट करत नाही. लाहीने काही झालेलं नव्हतं असं मी दाखवू शकले तर ती ऐकेल. आणि लाहीनेच झालं असेल तर मी काकूचं नाव परत काढणार नाही. असं आत्ता म्हणते तरी आहे.

बाबांच्या दहाव्याला काकू मागच्या दारी उभी होती, आत आली नाही. मी निघताना तिने माझ्या हातात आमसुलांची पिशवी दिली. आमची एवढीच ओळख.

तुमची पुतणी,
तन्वी


जामसंडे,
१४ जानेवारी

चि. तन्वी,

पोस्टमनने पाकीट काउंटरवर ठेवलं तेव्हा मला वाटलं नगरपंचायतीची नोटीस आली. अक्षर बघितलं आणि समजलो, हे परशुरामच्या घरातलं. त्याचाही ‘र’ असाच पाय ओढत जायचा.

सातवा महिना म्हणजे आता उड्या मारू नकोस. बाकी तू गोळीगोळीचं लिहिलंस ते मला लागलं. पोत्यांनी भाजणं वेगळं आणि खडा ओळखणं वेगळं.

लाही अशी करायची. खडा कुटून जाडसर पूड करायची, लोखंडी तव्यावर घालायची, आच मंद. आधी पूड ओली होते. वरून पाणी घातलेलं नसतं, तिच्याच पोटातलं पाणी बाहेर येतं आणि ती त्यातच विरघळते. मग बुडबुडे येतात आणि फुगत फुगत पांढरी भुसभुशीत वडी होते. बोटात धरली की पीठ. तिथे तवा उतरवायचा. सोनं आटवायच्या मुशीत घालून फुंकणीने आच वाढवत नेली तर फुगलेलं सगळं परत खाली बसतं, आणि लाल तापलं की त्याची काच होते, स्वच्छ, आरपार दिसणारी. मुशीत तांब्याचा अंश राहिला असेल तर ती काच निळसर उतरते. हे मी तुझ्या वयाच्या आधीपासून बघतोय.

आम्हाला ती लागते डाख देताना, म्हणजे सोन्याचे तुकडे सांधताना. कच्चा टाकणखार आचेवर उठतो आणि डाखेचा कण जागचा हलवतो. नथीचं काम असलं की कण केसभर हललेलाही चालत नाही. म्हणून मी नाजूक कामाला लाहीच वापरायचो, तिची बाटली दुकानात कायम भरलेली. आणि बाटली आहे हे गावाला ठाऊक, म्हणून तान्ह्या पोरांचं तोंड आलं की बायका आमच्याकडे यायच्या. आधी माझी आई, म्हणजे तुझी आजी हौसाबाई द्यायची, तिच्यामागून नर्मदा. मधात बोट बुडवायचं, लाहीला टेकवायचं, पोराच्या तोंडात फिरवायचं. कच्च्यात विखार असतो, लाही केली की तो जातो, असं आमच्यात सगळेच म्हणत.

सुशांतला किती दिली विचारतेस. चिमटीभर. सातेक दिवस. मी दुकानात असायचो, याहून जास्त मला सांगता यायचं नाही.

नर्मदेला यातलं काही विचारू नकोस. आम्हाला मूल झालं नाही हे तुला माहीत असेल. सुशांत गेल्यापासून तिने कोणाचंही तान्हं मूल उचलून घेतलेलं नाही. बारशाला जाते, पाळण्यापासून चार हात लांब बसते, ओटीचं सामान पोचवते आणि परत येते. तू तिला बोलवायचं म्हणतेस, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं आणि मग झालं नाही, तर काय करायचं?

जप.

हरिश्चंद्र


पुणे,
२७ जानेवारी

हरिकाका,

बसा. चहा घेतला असेल तर आणखी एक सांगा. पत्र लांब आहे, पण शेवट गोड आहे.

मी दहा ग्रॅम टाकणखार आमच्या भट्टीत ठेवला, चारशे अंशांवर. बाहेर काढून वजन केलं तर सव्वापाच ग्रॅमच्या वर थोडासाच. बाकीचं सगळं पाणी होतं, ते वाफ होऊन गेलं. तुमच्या तव्यावर तेच होतं, आमच्याकडे फक्त काटा महाग आहे. आता तुमच्या विखाराचं सांगते. विखार म्हणजे त्यातलं बोरॉन, आणि ते कुठेही जात नाही. तव्याची आच त्याला हलवू शकत नाही. उलट पाणी उडाल्यामुळे वजनाला वजन धरलं तर लाही कच्च्यापेक्षा जवळजवळ दुप्पट कडक. म्हणजे आजीपासून सगळ्या गावाने उलटं धरलं होतं. बाळाला कच्चाही देऊ नये आणि लाहीही देऊ नये, आणि हे तुम्ही दुकानात पाटी लावून सांगा असं माझं म्हणणं आहे.

पण घाबरू नका. चिमटीने घेतलं की गोष्ट फिरते. लाही फुगलेली, तिच्या चिमटीत हवाच जास्त. मी वीस वेळा चिमटी घेऊन वजन केलं, माझी सहकारी आकांक्षा म्हणाली, "डोहाळे लागलेत का टाकणखाराचे?" कच्च्या पुडीची चिमटी सरासरी अडीचशे मिलिग्रॅम भरली. लाहीची भरली पंधरा ते वीस. पन्नास दिवसांच्या बाळाला हेसुद्धा द्यायला नको होतं, पण सात दिवस एवढंएवढं चाटवून जीव जाईल, असं आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनाही वाटत नाही. मी त्यांना नाव न सांगता विचारलं.

काल आईसमोर कागद ठेवला. ती चष्मा लावून वाचत बसली, पेन्सिलने सगळे भागाकार स्वतः करून बघितले. शेवटी म्हणाली, "गणित बरोबर आहे." एवढंच. पण काका, तिने नाही म्हटलं नाही. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा नर्मदा हे नाव ऐकून ती खोलीतून उठून गेली नाही.

तुम्ही काकूला आता सांगायला हरकत नाही. मला खूप बरं वाटतंय. पोटातलं पण लाथा मारतंय, त्यालाही कळलं असणार.

तन्वी


जामसंडे,
४ फेब्रुवारी

चि. तन्वी,

पत्र मिळालं. गणित वाचलं, दोनदा वाचलं. दहाचे सव्वापाच होतात, हे मला माहीत नव्हतं. टाकणखार सगळा वजनाने विकत आणला, पण लाही करून परत कधी तोलली नाही.

तू सांग म्हटलंस म्हणून नर्मदेला सांगितलं. दुपारी बघतो तर माळ्यावरून जुनी सुती लुगडी काढून उन्हात टाकलेली, बाळाच्या लंगोटांना मऊ कापड लागतं म्हणून. अळीव आणायला बाजारात गेली ती चप्पल न घालता गेली.

झालं ते झालं. आता यापुढे उकरू नये असं मला वाटतं. तुझी आई, विनीता, आणखी काही म्हणाली असेल तर कळव.

हरिश्चंद्र


पुणे,
१९ फेब्रुवारी

हरिकाका,

तुम्ही उकरू नका म्हणालात आणि मी उकरून बसले आहे.

त्या दिवशी आई गणित बरोबर आहे म्हणाली, त्याच्या पुढचं वाक्य तिने चार दिवसांनी म्हटलं. ताटावर बसलो होतो. ती म्हणाली, "म्हणजे मग मीच."

तिने मला जे सांगितलं ते बाबांनाही कधी सांगितलं नव्हतं. सुशांतला लाही सुरू होऊन पाच दिवस झाले होते. आईला वालावलला माहेरी जाऊन त्याला लक्ष्मीनारायणाच्या पायावर घालायचं होतं. हौसाआजी नको म्हणत होती, एवढ्या तान्ह्याला मार्चच्या उन्हातून नेऊ नये म्हणून. आईने हट्ट केला. एस.टी. बदलत गेली, दुसऱ्या दिवशी परत आली. आली तेव्हा त्याचं अंग लालबुंद झालं होतं, उकळतं पाणी सांडल्यासारखं. तिला वाटलं ऊन बाधलं. आजीचं बोलणं खावं लागेल म्हणून तिने ते कोणाला दाखवलं नाही, ओल्या फडक्याने पुसत राहिली. एक अख्खा दिवस. मग उलट्या, जुलाब आणि मग आकडी.

"लाहीचं नाव होतं म्हणून मी जगले," असं ती मला म्हणाली. "ते नाव तू काढून घेतलंस. बरं केलंस. खरं ते कळायलाच हवं."

आता ती नीट जेवत नाही. दुपटी शिवायला घेतली होती, ती गुंडाळून कपाटात ठेवली. मी विचारलं तर म्हणाली, "नर्मदावहिनींना बोलाव. त्यांच्या हाताला दोष नव्हता. मी त्याला हात लावणार नाही. मी बघेन लांबून." काका, हे अगदी तुम्ही काकूबद्दल लिहिलं होतंत तसंच झालं. चार हात लांब.

मला पाहिजे होतं ते मिळालं. आई हो म्हणाली, काकू येऊ शकते. आणि माझी आई माझ्यासमोर दिवसेंदिवस बारीक होतेय. डॉक्टरांनी मार्चचा तिसरा आठवडा सांगितलाय. मी काय करू ते सांगा. कोणीतरी मोठ्याने मला सांगायला हवंय.

तन्वी


जामसंडे,
३ मार्च

चि. तन्वी,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. रोज दुकान उघडलं, रोज कागद घेतला, आणि रोज कोणीतरी गिऱ्हाईक आलं म्हणून बरं वाटलं. आज दुकान बंद ठेवून लिहितोय.

चिमटीभर हे मी तुला खोटं लिहिलं.

नर्मदा चिमटीनेच देत आली होती, माझी आई बोटाच्या टोकाने. दोघींनी मिळून गावातल्या कितीतरी पोरांना दिली. कोणाला काही झालं असेल तर ते आमच्या कानावर आलं नाही. सुशांतच्या वेळी मी मध्ये पडलो. आमच्या धंद्यात अंदाज ही शिवी आहे. आम्ही दुकान झाडलेली धूळसुद्धा टाकत नाही, तिच्यात सोन्याचा कण असेल म्हणून जपून ठेवतो. आणि घरातलं पहिलं मूल, त्याला बायका औषध बोटाने देणार, हे मला सोसेना. मी म्हटलं, मी पुड्या बांधून देतो, मापाच्या.

माप कुठून काढलं ते सांगतो. माझ्यासमोर कच्च्या टाकणखाराची पूड होती. तिची चिमटी घेतली आणि काट्यात टाकली. दोन गुंजा भरली. गुंज म्हणजे तुझे एकशेवीस मिलिग्रॅम, म्हणजे तू वीस वेळा तोललंस तेच मी एकदा तोललं. मग एका पारड्यात दोन गुंजांचं वजन ठेवलं आणि दुसऱ्यात लाही घालत गेलो. काटा सरळ यायला चहाचा चमचा भरेल एवढी लाही लागली. अशा दोन पुड्या दिवसाला. सात दिवस.

पहिली पुडी उघडून नर्मदा दुकानात परत आली. म्हणाली, "अवो, ही इतकी?" मी हसलो. म्हटलं, "लाही फुगता गो. वजन तेवढाच आसा. काट्यापेक्षा तुझा बोट शाणा काय?" समोर दोन गिऱ्हाइकं बसली होती, तीही हसली. ती पुडी घेऊन घरात गेली आणि मी सांगितलं तसं देत राहिली.

वजन तेवढंच म्हणजे औषधही तेवढंच, असं मी खरोखर धरून चाललो होतो. तुझे दहाचे सव्वापाच वाचले तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. पण खरं सांगायचं तर पारड्यातला ढीग तेव्हाच डोळ्यांना जास्त वाटला होता. मी काट्यावर विश्वास ठेवला, कारण काटा माझा होता.

मूल गेलं त्या सकाळी माझ्या आईने ओटीवर सगळ्यांदेखत विचारलं, पोराला औषध कोणी दिलं? मी तोंड उघडायच्या आत नर्मदा म्हणाली, "मी दिलंय." खोटं नव्हतं, हात तिचा होता. तिने माझ्याकडे बघितलं. मी उठून विहिरीवर गेलो. परत आलो तोपर्यंत सगळं ठरून गेलं होतं. विनीता भिंतीला टेकून बसली होती, तिच्या तोंडात नर्मदेचं नाव होतं. मी बोललो असतो तर सोनाराचं माप चुकलं असं गावात झालं असतं. त्या वेळी मला दुकानाची भीती वाटली. एवढं साधं आणि एवढं हलकं कारण आहे, त्याला मी इतकी वर्षं मोठं करून बघितलं, ते होत नाही.

तुझं दुसरं पत्र आलं तेव्हा मी गप्प राहिलो असतो तर नर्मदा सुटत होती आणि मीही सुटत होतो. मी गप्प राहिलोच. तिला तुमच्याकडे पाठवायची तयारीही केली. ते विनीतेवर जाऊन पडेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तिला सांग, वालावलचं ऊन मी बघितलं नाही, पण पुड्या मी बघितल्या. मोजायचं ते तू मोज. तिला वाटलं तर नर्मदेला बोलवा, नाहीतर बोलवू नका. पण तिने स्वतःचा हात बाळापासून काढू नये.

हे पत्र नर्मदेला दाखवलं. तिने सगळं वाचलं. चष्मा पुसला, आणि पाकीट स्वतःच्या हाताने चिकटवलं.

हरिश्चंद्र


पुणे,
१० मार्च

हरिकाका,

मी मोजलं. चौदा पुड्या. त्या वजनाच्या बाळाला ते फार म्हणजे फारच होतं. या वेळी डॉक्टरबाईंना सगळं खरं सांगितलं. अंग भाजल्यासारखं लाल होणं, उलट्या, जुलाब, आकडी, ही सगळी बोरॉन जास्त झाल्याची लक्षणं पुस्तकात तशीच्या तशी दिलेली आहेत म्हणाल्या. तेहतीस वर्षांनी खात्रीने कोणी काही सांगू शकत नाही, पण उन्हाने अंग तसं होत नाही, हे त्यांनी आईला समोर बसवून सांगितलं. दवाखान्यात एक दिवस आधी नेलं असतं तर काय झालं असतं, हेही आईने विचारलं. त्या म्हणाल्या, "माहीत नाही, आणि तुम्हालाही ते माहीत होणार नाही." आईला ते पटलं असावं. खोटा दिलासा तिला लगेच कळतो.

मला तुमचा राग आलाय. तुमच्या एका ‘चिमटीभर’वर मी धावत जाऊन आईपुढे गणित मांडलं आणि तिने महिनाभर स्वतःला फाडून खाल्लं. मला माझाही राग आलाय. मी वीस वेळा चिमटी तोलली, पण तुम्हाला एकदाही विचारलं नाही की तुम्ही दुकानात होतात तर लाही कोणी काढून दिली. तुम्ही लिहिलंत, त्याला हिंमत लागली असेल. मला ते कळतं. राग तरीही आहे, तो आहे म्हणून सांगितलं.

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. "ही इतकी?" या जागी तिने मला थांबवलं. "वहिनींनी विचारलं होतं?" म्हणाली. मी हो म्हटलं. "विचारलं होतं आणि मला कधी सांगितलं नाही?" मग ती रडली. सुशांतचा विषय काढून रडलेली मी तिला पहिल्यांदा बघितली. बराच वेळ रडली, मग स्वतः उठून पेज करून प्यायली. आज सकाळी दुपटी कपाटातून बाहेर आलीत.

ती म्हणते, नर्मदावहिनींना लगेच पाठवा. हरिभावोजींना सध्या नको. हे तिचेच शब्द आहेत, मी गोड करून लिहिलेले नाहीत. तळेऱ्याहून पुण्याला येणारी गाडी आहे. काकूला गाडीत बसवा आणि गाडीचा नंबर तिच्या मोबाइलवरून मला पाठवा. उतरवून घ्यायला सुगंधा, आमची शेजारीण, जाणार आहे. तिला सांगितलंय, जी बाई कोणाशी न बोलता सामान धरून उभी असेल ती आमची.

तन्वी


पुणे,
३० मार्च

तन्वी लिवता, मी सांगतंय. मधी काय सुदारू नको म्हणान तिका बजावलंय.

हय सगळी बरी आसत. अठरा तारकेक नात झाली ता तुमका तन्वीच्या पत्रान कळला आसतला. पावणेतीन किलोचा चेडू. डोक्यार केस भरपूर आसत, आणि आवाज तुमच्या आईचो. तन्वी उटून बसता, पेज खाता, माझ्यार हुकूम सोडता.

दवाखान्यातसून घरी हाडलंव तेवा मी भायरच्या खोलीत होतंय. चेडवाक विनीतान माझ्या मांडयेर आणून ठेवल्यान. तिका खाली वाकाक जमना नाय, तरी भिंतीक धरून वाकली. मी हात मागे घेतलंय. ती म्हणाली, "धरा घट्ट, पडणार नाही." मगे थंयच खुर्ची ओढून बसली, आणि आमी दोगांनी चेडवाक बघत बसान सकाळ घालवली. आता आंघोळ मी घालतंय, पुसता ती. मालिश करताना दोनदा माझा बोट थांबला. तिना बघल्यान. तेलाची वाटी माझ्याकडे सरकवल्यान.

आता तुमचा.

तुमी लिवलात ता बरा केलात. मी वाचलंय तेवा माका वायट वाटाक नाय, बराय वाटाक नाय. खूप वर्सां एका कुशीर निजान उटल्यार आंग कळना नाय, तसा झाला. गाडीत बसान रडलंय. तळेऱ्यापासून कोलापुरापर्यंत. बाजूची बाय म्हणाली, कोण गेला काय? मी म्हटलंय, नाय, जुना आसा.

माझ्यार नाव इला तेचा माका तितक्या दुख नाय. मी बोललंय ता माझ्या तोंडान बोललंय. पण तुमी मागीर तरी एकदा म्हणूक व्हया होता, की नर्मदे, माप माझा होता. लोकांत नको, विनीताक नको, माका एकटीक सांगूचा. चुलीसमोर सांगलात तरी चालला असता. तुमका वाटता, तुमका ऐकू येणा नाय म्हणान आमच्यात बोलणा ऱ्हवला नाय. तुमचो कान गेलो धा वर्सां झाली. तेच्या आदी तेवीस वर्सां तुमका बरा ऐकू येय होता. मी एका घरात तुमच्या वांगडा ऱ्हवान तेवीस वर्सां एकटी होतंय. ह्या मोठ्यान सांगाक माका जमना नाय, शेजारचा ऐकता. म्हणान लिवन घेतलंय.

मी सवा महिनो हय आसंय. तांदूळ डब्यात आसा, कुळथाची पिठी वरच्या फळयेर. मागच्या दाराची कडी लावत जावा.

बारसा पंचवीस एप्रिलाक. जावय तेच्या आदल्या दिसा येतलो. विनीतान आपणहून तुमका बोलवल्यान हा, मी सांगूक नाय. येवा. धुतलेला धोतर नेसान येवा. पण ती तुमका दारातच इचारतली, पोराक औषद कोणी दिल्यान म्हणान. माका तिना तसा सांगल्यान हा. तुमका ऐकू इला नाय तर ती परत इचारतली, मोठ्यान, सगळ्यांसमोर.

त्या दिसा आईन इचारल्यान तेवा मी आदी बोललंय. ह्या टायमाक मी गप ऱ्हवतलंय.

नर्मदा